मुठीतला धोतरा

परवा तुमसरला माझ्या गॅलरीतल्या कुंडीत धोतरा उगवला. तिसरा मजला, खाली सिमेंटचं अंगण, हवेत राईस मिलच्या कोंड्याची धूळ, आणि तुळशीच्या बुंध्याशी हा चार पानांचा पाहुणा. न बोलावता आलेला आणि अगदी निवांत. नवरा म्हणाला, "वांग्याचं रोप दिसतंय." मी एक पान खुडलं, बोटांत चुरडलं, नाकाशी नेलं आणि मग सांगितलं, "धोतरा." ही सवय माझी नव्हे. ती शहापूरच्या शेवंतामायची. शेवंतामाय जाऊन वर्ष होऊन गेलं, पण तिची सवय माझ्या बोटांत राहिली आहे आणि राहो बापडी.

मी मूळची नाशिककडची. भंडारा जिल्ह्यात आले ती नवऱ्याच्या नोकरीपायी. शहापूरच्या एका शाळेत मलाही काम मिळालं आणि हायवेपासून दोन गल्ल्या आत आम्ही भाड्यानं घर घेतलं. घरामागे कुंपण घातलेली मोकळी जागा होती. भाजीपाल्याच्या अशा जागेला तिकडे सांदवाडी म्हणतात. मी मोबाइलवर बागकामाचे व्हिडिओ पाहून तयार झालेली बाई, त्यामुळे माझा आत्मविश्वास दांडगा. पावसाळा लागला आणि कुंपणावर आपोआप एक वेल चढली. तिला अशी काही लालपिवळी, पेटत्या टोकांची फुलं आली की मी तिचे फोटो काढून माहेरच्या सगळ्या बायकांना पाठवले. "माझ्या हाताला यश आहे," असंही खाली लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागचं फाटक वाजलं. वाजलं म्हणजे कोणी वाजवलं नाही, सरळ उघडलं. एक काटकुळी, काळीसावळी म्हातारी लुगड्याचा काचा मारून आत आली. माझ्याकडे पाहिलं नाही, नमस्कार नाही, चमत्कार नाही. ती थेट वेलीपाशी गेली, एक पान तोडून चुरडलं, हुंगलं, आणि मग माझ्याकडे वळली.

"पानी कोणं घातलं इले?"

"मी," मी अभिमानानं म्हणाले.

"काहून?"

काहून म्हणजे 'का', एवढं मला एव्हाना कळायचं. तिनं जमीन उकरून वेलीचा बोटभर कंद मला दाखवला. "ही कळलावी होय. फूल पाहाचं, हात नाही लावाचा. हे रताळं म्हणून कोणी खाल्लं तं त्याची सकाळ होत नाही. तुमच्या शाळेत शिकवत नाही का, मास्तरीणबाई?"

मी भूगोल शिकवते, हे सांगण्यात काही अर्थ नव्हता. तिनं वेल मुळासकट काढली, सोबत आणलेल्या फाटक्या पोत्यात घातली आणि राखेनं हात धुतले. जाताना म्हणाली, "लावलेल्याले पानी लागते, खत लागते, लाड लागते. इखाले फक्त जागा लागते. येतो मी." तिकडे बायाही 'येतो', 'जातो' म्हणतात. मला त्याची सवय व्हायला महिना लागला, पण शेवंतामायच्या तोंडी ते पहिल्या दिवसापासून शोभलं.

ती आमच्या शेजारची. कुंपण एकच. तिचा नवरा लवकर वारला. वावर मुलाच्या, नामदेवच्या ताब्यात होतं आणि तो सोबत मालाची छोटी गाडीही चालवायचा. शेवंतामायनं जन्मभर धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांमध्ये, निंदण केलेलं. गुडघाभर चिखलात वाकून हजार हिरव्या काड्यांतून नको ती काडी ओढायची, हे तिचं शिक्षण. धानात उगवलेलं जंगली धान लोंबी येईपर्यंत भल्याभल्यांना कळत नाही, ते तिला वीतभर असताना कळायचं. म्हातारपणी वावरात जाणं सुटलं, तर तिनं गल्लीतल्या सगळ्यांच्या सांदवाड्या स्वतःच्या मानल्या. आठवड्यातून एकदा फेरी. परवानगी नावाची गोष्ट तिला ठाऊक नव्हती. आपण न्हाणीत असलो तरी मागून आवाज यायचा, "तुह्या आंब्याखाली गुंज उगवली होती, नेली म्या."

बरं, ती या झाडांचा राग करत नसे. हे मला फार नवलाचं वाटायचं. मी एकदा गाजरगवताला शिव्या दिल्या तर मलाच बोलली. "त्याले कायले शिव्या देतं? ते आपल्या मनानं आलं का? तूच जागा रिकामी ठेवली." धोतऱ्याला तर ती उपटायच्या आधी हात जोडायची, कारण ते महादेवाचं झाड. हात जोडायचे, मुळासकट उपटायचं, फळ असेल तर गावाबाहेर पळसाखाली खोल पुरायचं. ते काम होईतो डोळ्याला हात लावायचा नाही आणि कोणाशी बोलायचं नाही. भक्ती एकीकडे, हिशेब एकीकडे. दोन्हींत गल्लत तिनं आयुष्यभर केली नाही. म्हणजे, एकदाच केली. त्याचंच सांगायचं आहे.

पण आधी पाटलांच्या जावयाचं सांगते, म्हणजे गल्लीत तिचा शब्द का चालायचा ते कळेल.

मागच्या गल्लीतल्या पाटलांकडे जावई आला होता. दुपारी जेवला आणि तासाभरात तोंड लाल करून हवेतल्या माश्या पकडू लागला. मेलेल्या काकाशी बोलू लागला. सासूला ओळखेना. घरात रडारड. कोणीतरी बाहेरची बाधा म्हणालं, कोणीतरी शेजारच्या गावातून मांत्रिक आणला. मांत्रिकानं लिंबं मांडली. एवढ्यात शेवंतामाय पोचली. तिनं जावयाची हनुवटी धरून डोळे पाहिले, जीभ पाहिली आणि मागच्या दारानं सांदवाडीत गेली. परत आली ती हातात एक अर्धं खुडलेलं झाड घेऊन.

"भाजी कोणी तोडली?"

पाटलांची धाकटी सून पुढे झाली. तिनं कुंपणाकडेची चवळईची भाजी पहाटेच्या अंधुक उजेडात ओरबाडून आणली होती. भाजीसोबत धोतऱ्याची कोवळी पानं आली होती. भाजी थोडी, म्हणून मानाची एकट्या जावयालाच वाढलेली.

"डोळ्यातल्या बाहुल्या पाहा केवढ्या झाल्या. भूतानं बाहुल्या मोठ्या होत नाहीत," शेवंतामाय म्हणाली. "जावयाले गाडीत घाला, भंडाऱ्याले न्या. अन् हे झाड डब्यात घालून संगं न्या. डॉक्टरले दाखवा. काय खाल्लं ते कळलं तं इलाज होते." मांत्रिक उठू लागला तर म्हणाली, "तुम्ही बसा महाराज. दुरून आले. च्या घ्या."

जावई तिसऱ्या दिवशी चालत घरी आला. मांत्रिकाला चहा मिळाला. आणि त्या दिवसापासून शेवंतामाय मागच्या फाटकातून आली की बायका हातातलं काम ठेवून बाहेर येऊ लागल्या.

तिचं दुसरं राज्य म्हणजे वांग्याची रोपं. भंडाऱ्याकडच्या या झाडीपट्टीत वांग्यावाचून पंगत नाही. लग्न असो, तेरवी असो, वांग्याची भाजी हवीच. शेवंतामाय उन्हाळा सरताना आपल्या वाडीत एक वाफा करायची. घरचं बी, घरच्या खड्ड्यातलं शेणखत. पाऊस स्थिरावला की सगळी गल्ली तिच्या फाटकाशी. प्रत्येकीला एक मूठ, वीसेक रोपं, पळसाच्या पानात गुंडाळून. पैशाचं नाव काढलेलं चालत नसे. अट एकच. पहिलं वांगं तिला आणून द्यायचं. मग ती ते वांगं तळहातावर तोलायची आणि "जमलं तुले" किंवा "राहू दे, तू मिरच्या लाव" असा निकाल द्यायची. मला दोन वर्षं मिरच्या लावायला सांगितलं. तिसऱ्या वर्षी "जमलं" म्हणाली, तेव्हा मला बीएडच्या निकालाहून जास्त आनंद झाला होता. खोटं नाही.

नामदेवला हे सगळं आवडत नसे. माणूस वाईट नव्हे, पण भित्रा, आणि त्यात त्याची लहान मुलगी रांगायला लागली होती. मागे वाडी, वाडीत नाही नाही ती झाडं, साप, किडे. त्याला तिथे फरशी घालून गाडी लावायला शेड करायची होती. आई दर फेरीला कुणाच्या तरी घरचं विष पोत्यात भरून आपल्याच दारातून नेते, याचीही त्याला धास्ती. एका संध्याकाळी कुंपणापलीकडून मी त्याला बोलताना स्पष्ट ऐकलं. "पाह्य माय, तुह्या नजरेवर हे सारं चालून राहिलं. ज्या दिवशी तुह्या हातानं एक चूक झाली, त्या दिवशी वाडी बंद."

"बंद कर जो," शेवंतामाय म्हणाली. "चूक झाली तं मीच सांगन."

ती हे म्हणाली तेव्हा तिची नजर जायला लागली होती. हे तिला ठाऊक होतं आणि मला संशय होता. सुईत दोरा ओवायला ती सुनेला, कल्पनाला, हाक मारायची आणि वर "तुले काही काम नाही म्हणून देतो," असं म्हणायची. मी फाटकातून आले की "कोण ती लंगडत येऊन राहिली?" असं मोठ्यानं विचारायची. मी लंगडत नसे. मी चिडून बोलावं आणि आवाजावरून तिनं ओळखावं, अशी ती युक्ती. मी बोलायची, ती हसायची. आम्ही दोघी हा खेळ खेळत राहिलो. मी तिला डॉक्टरकडे चल म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण डॉक्टर म्हणजे नामदेवला कळणं, आणि नामदेवला कळणं म्हणजे वाडी जाणं.

त्या वर्षी नेहमीप्रमाणे मुठी वाटल्या गेल्या. तीनेक आठवड्यांनी मी वांग्यांत वाकून गवत काढत होते, तर चार रोपं जरा जास्तच जोमानं वाढलेली. पानं गुळगुळीत. वांग्याच्या पानाला हात लावला की लव लागते, ती नाही. एक पान चुरडून हुंगलं, मग बाकी तिघांचंही. चारही धोतरे. शेवंतामायच्या मुठीतून आलेले.

मी ते घाईघाईनं मोडून फेकले आणि कुणाला न सांगता चक्कीवर दळण आणायला गेले. तिथे पाटलांची धाकटी सून होती. ती माझ्याकडे पाहत होती, मी तिच्याकडे. शेवटी तीच हळू म्हणाली, "मॅडम, तुमच्या वांग्यात काही आलं का?" तिच्याकडे तीन आले होते. पलीकडच्या दोघींकडे पाच-पाच. दळण होईपर्यंत सगळ्या गल्लीचं कळलं. आणि पुढच्या दोन मिनिटांत, कोणी ठराव न मांडता, ठरूनही गेलं. बुढीले सांगाचं नाही. नामदेवच्या कानावर जाऊ द्याचं नाही. आपापलं उपटून टाकाचं. आम्हाला त्या दिवशी स्वतःविषयी फार बरं वाटलं. आपण किती चांगल्या बाया आहोत, असं वाटत मी पीठ घेऊन घरी आले.

पोळा झाला. वांगी धरली. एका सकाळी शेवंतामाय माझ्या फाटकातून आली, पहिलं वांगं मागायला. मी तोडून तिच्या हातात दिलं. तिनं ते तोललं, पण निकाल दिला नाही. वाकून हातानं चाचपत ओळीतून चालू लागली. मोजत होती.

"वीस दिली होती तुले. सोळा हायेत."

"मर लागली," मी म्हणाले.

"मर लागली तं खोड सडते. इथं तं ताजा खड्डा हाये." ती उभी राहिली. "हात दे तुहा."

मला वाटलं आधारासाठी मागते. मी हात दिला. तिनं तो नाकाशी नेला आणि माझी बोटं हुंगली. मी पहिल्यांदा धोतरे मोडून टाकले होते, मुळं राहिली होती. त्यातला एक पुन्हा फुटला होता आणि तो मी त्याच सकाळी उपटला होता. हात साबणानं धुतले होते, तरीही.

बराच वेळ तिनं माझा हात सोडला नाही.

"माह्या मुठीतला होय?" तिनं विचारलं.

मी हो म्हणाले.

"किती घरी?"

"सगळ्या."

मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर मटकन खाली बसेल. मी काहीबाही बोलू लागले. काळजी करू नको, आम्ही सगळ्यांनी उपटलेत, कुणाला काही झालं नाही, नामदेवला कळणार नाही. ती ऐकत होती. तिचा चेहरा कठीण होत गेला.

"अन् कोंढ्याचं?"

"कोंढ्याचं काय?"

"माह्या बहिणीले, तानाले, दोन मुठी धाडल्या होत्या. तिच्या सोयऱ्याच्या हातानं. तिले कोणं सांगतलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. कोंढ्याला, तिच्या बहिणीच्या गावी, रोपं गेली हे गल्लीत कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं, कारण आम्ही ज्या एका बाईला विचारायला हवं होतं तिच्यापासूनच सारं लपवलं होतं. "मले वाचवाले निंगाल्या तुम्ही," शेवंतामाय म्हणाली. "मले कायचं वाचवता? मी काय वांगं होय?" एवढं बोलून ती कुंपणाकडे तोंड करून ओरडली, "नामदेव, गाडी काढ!"

तानाबाईचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. गाडीच्या पुढच्या सीटवर आम्ही तिघं दाटीनं बसलो. शेवंतामायनं नामदेवला एका वाक्यात सांगितलं, "माह्या रोपात धोतरा गेला, कोंढ्याले पाहाले जाऊन राहिलो." त्यानं गाडी पवनीच्या रस्त्याला घातली. मी मधे अवघडून बसले होते आणि मला स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

तानाबाई वावरातून नुकतीच परतली होती. आम्हाला पाहून हरखली. आणि हात धरून सांदवाडीत घेऊनच गेली. "पाह्य वो बाई, तुह्या वांग्यात महादेव आला!" कमरेएवढे तीन धोतरे, पांढऱ्या फुलांनी लगडलेले, खाली काटेरी हिरवी फळं. तिनं त्यांना आळं केलं होतं. श्रावणात सोमवारी फुलं वाहिली होती. बहिणीनं पाठवलेल्या रोपांत आलेलं झाड, ते वाईट कसं असेल? तिला नाव ठेवायला तोंड नव्हतं माझं.

शेवंतामाय एकेका झाडाची फळं हातानं चाचपत होती. "ताना, इथली फळं कोणं तोडली?"

शेजारच्या तीन पोरी खेळायला यायच्या. ओसरीवर त्यांची भातुकली मांडलेली होती. डबीच्या झाकणात पाणी, पाण्यात धोतऱ्याच्या बिया, पानावर वाढलेल्या. भात म्हणून. पोरी तिथेच होत्या. मोठीनं सांगितलं, "आम्ही खोटं खोटं खाल्लं." सगळ्यात धाकटी, चारेक वर्षांची, काहीच बोलेना.

शेवंतामायनं त्या धाकटीला मांडीवर घेतलं. तिची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि तिच्या डोळ्यांत पाहत राहिली. पाहत राहिली. मग तिनं मान वळवली आणि नामदेवसमोर, बहिणीसमोर, स्वच्छ आवाजात म्हणाली, "मास्तरीण, तू पाह्य. मले दिसत नाही."

मी पाहिलं. बाहुल्या लहान होत्या, उजेडात आणखी लहान झाल्या. जीभ ओली होती. बाकी दोघींचंही पाहिलं. तरीही शेवंतामायनं त्यांच्या आयांना बोलावून तिघींना डॉक्टरकडे धाडलं, एक फळ डब्यात घालून. डॉक्टरनी दिवसभर ठेवून घेतलं आणि काही नाही म्हणून सांगितलं. तो निरोप येईपर्यंत आम्ही ओसरीवर बसून होतो. शेवंतामायनं भातुकलीतली एकेक बी बोटांनी वेचली आणि पदराच्या टोकाला बांधली. तीन धोतरे तिनंच उपटले. त्या दिवशी हात जोडले नाहीत.

धोतरा वाफ्यात आला कसा, हे तिनं परतताना गाडीत सांगितलं. महाशिवरात्रीला ती महादेवाला धोतऱ्याची फळं वाहायची. निर्माल्य कोणाच्या पायदळी जाऊ नये म्हणून तिकडे ते झाडाच्या मुळाशी किंवा खताच्या खड्ड्यात घालतात. ती फळं तेवढी निवडून काढायची, मोजून, आणि पळसाखाली पुरायची. त्या वर्षी बेलपानांच्या ढिगात एक फळ तिच्या नजरेतून सुटलं. खड्ड्यात गेलं, खतात गेलं, वाफ्यात गेलं. "देवाचं म्हणून ठेवलं अन् मुठीमुठीनं वाटलं," ती म्हणाली. मग नामदेवकडे वळून, "तू बोल्ला होता तसं कर. वाडी बंद कर. मी काही म्हणत नाही."

नामदेव समोर रस्त्याकडे पाहत गाडी चालवत होता. भंडारा आलं तेव्हा कुठे बोलला. "आधी डोयाचं पाहू. वाडी कुठी पळून जाऊन राहिली का?"

मी आयुष्यात नामदेवबद्दल जे जे वाईट चिंतलं होतं ते सगळं त्या क्षणी मागे घेतलं.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यानं थोडं दिसू लागलं. दुसऱ्याला उशीर झाला होता. नामदेवनं वाडी बंद केली नाही. पुढच्या पावसाळ्यात मुठी पुन्हा वाटल्या जाऊ लागल्या, पण नवीन कायद्यानं. शेवंतामायनं एका फुटक्या घमेल्यात वेगळे धोतरे रुजवले होते. प्रत्येकीच्या मुठीत त्यातला एक ती मुद्दाम घालायची. फाटकाशी उभं राहून, एकेक पान चुरडून हुंगून, तो शोधून काढल्याशिवाय कुणाला पाऊल उचलू देत नसे. "माह्या डोयावर नका जाऊ. आपलं नाक न्या घरी." सापडलेला धोतरा परत घमेल्यात. नामदेव कपाळाला हात लावून म्हणायचा, "आधी चुकून देत होती. आता ही बुढी मुद्दाम देऊन राहिली." पण घरी पाणी द्यायच्या आधी कल्पनाही पानं हुंगू लागली होती, हे मी पाहिलं.

त्याच वर्षी नवऱ्याला तुमसरच्या राईस मिलमध्ये नोकरी लागली आणि आम्ही शहापूर सोडलं. गॅलरीत वांगी कुठे लावणार? तरी त्याच्या पुढच्या पावसाळ्यात मी बस पकडून मूठ घ्यायला गेले. सवय, दुसरं काय.

शेवंतामाय फाटकाशी बाजेवर बसली होती. खूप वाळली होती. "कोण ती लंगडत येऊन राहिली?" तिनं विचारलं. माझे डोळे भरून आले आणि मी मुद्दाम चिडून बोलले. तिनं मूठ दिली. मी पायरीवर बसून एकेक रोप तपासू लागले. सातव्या रोपाला धोतरा सापडला. मी विजयानं तिच्या हातात दिला.

"शाबास," ती म्हणाली. "च्या पिऊन जा."

रोपं गुंडाळायला घेतली, पण कोंढ्याची ओसरी डोळ्यांसमोर आली. उरलेलीही हुंगून टाकावीत म्हटलं. सोळावं रोप हुंगलं आणि थांबले. पुन्हा हुंगलं.

"माय, हा दुसरा."

"दुसरा कोनता? मी तं एकच टाकला होता."

तिनं रोप माझ्या हातून घेतलं, एक पान चुरडलं, हुंगलं. वाऱ्यानं म्हणा, पाखरानं म्हणा, मागच्या वर्षीच्या एखाद्या बीनं म्हणा, वाफ्यात एक आपसूक आला होता. मग ती हळूच म्हणाली, "एक सापडला का मानूस शोधाचं थांबते. चुकलो मी." आणि लगेच आवाज चढवून, "कल्पना! सकाळपासून कोणं कोणं नेली?"

कल्पनानं पाच नावं सांगितली. शेवंतामाय बाजेवरून उठली. चपला शोधायला थांबली नाही. मी म्हटलं, तू बस, आम्ही सांगून येतो. तर म्हणाली, "चूक माही होय, मीच सांगन." एका हातात काठी, दुसऱ्यात मुळाशी धरलेला तो धोतरा, सगळ्यांना दिसेल असा उंच. कल्पना धावत जाऊन तिच्या शेजारी चालू लागली. मागून नामदेव लेकीला कडेवर घेऊन निघाला.

माझी बस चुकत होती, म्हणून मी हायवेकडे वळले. मागे वळून पाहिलं तेव्हा ती पाटलांच्या मागच्या फाटकाशी होती. फाटक तिनं वाजवलं नाही, सरळ उघडलं.